उतार

आमचं घर रस्त्यावरून बघितलं तर एकमजली,
मागच्या बोळातून बघितलं तर दीड.
चिमणपुऱ्यात डोंगर असाच घरात शिरतो.
खालच्या खोलीत बटाटे, मांडवाचे बांबू,
दादांची मोडकी लूना,
आणि गेल्या मेपासून आई.
खुब्याचं ऑपरेशन झालं तरी कुणाचं ऐकेना.
खाली गार वाटतं, म्हणाली,
शिवाय खिडकीतून बोळातल्यांचे पाय दिसतात
आणि पायांवरून ती माणसं ओळखते.

न्हाणीघर वर.
मध्ये अकरा पायऱ्या, रात्री दोनदा.

गवंडी एकोणीस हजार म्हणाला, नुसती मजुरी.
म्हणून बाजीराव दाजी आले,
एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले,
गंजका नट दिसला की वय विसरणारे.
वडूजहून मावशीचा निळकंठ आला
भाड्याचा ब्रेकर मांडीवर घेऊन, लेकरासारखा.

फरशी फुटली. खाली मुरूम नाही, काळा कातळ.
तीन दिवस त्यानं आमचं नुसतं ऐकून घेतलं.
चौथ्या दिवशी मुठीएवढा टवका निघाला,
तो आईनं मागून घेतला.
अजून त्यानंच लसूण ठेचते.

मग लेव्हल.
पारदर्शक नळी, आत पाणी,
एक टोक माझ्या हातात,
दुसरं खिडकीतून बाहेर, चेंबरपाशी, वहिनीच्या.
दिवाळीपासून आम्ही दोघी
“दूध उतू जाईल” एवढंच बोलत होतो.
“थांबलं का?”
“हलतंय अजून.”
“आता?”
“तुझं टोक खाली घे जरा. हं. आता.”
पाण्याला काय, त्याला दोन्हीकडं सारखंच.

खूण केली, टेप लावला.
दर निवडणुकीला बोळात काँक्रीटवर काँक्रीट पडतं,
त्याबरोबर चेंबरही वर सरकत गेलेलं.
आमच्या फरशीपेक्षा नऊ इंच वर.

विडी सोडून सहा वर्षं झालेले दाजी
खिसा चाचपत राहिले.
पाइपाला उतार हवा, फुटाला पाव इंच,
आणि इथं सगळा उतार आमच्याकडंच येत होता.
चौथरा घालावा लागणार. म्हणजे दोन पायऱ्या.
पायऱ्या चुकवायला मांडलेल्या उपद्व्यापात
पायऱ्याच.

सांगायला निळकंठला पुढं केलं.
आई घेवडा निवडत होती.
“अकराच्या दोन झाल्या,” ती म्हणाली,
“एवढी सूट कुठलं दुकान देतंय?”

फरशा विकत आणल्या नाहीत.
दाजींच्या कराडच्या फ्लॅटातल्या उरलेल्या चौदा पांढऱ्या,
निळकंठच्या दुकानाच्या भुऱ्या,
वहिनीच्या माहेरून पोत्यात आलेल्या मोरपंखी,
त्यातल्या एकीवर छापील द्राक्षं.
ती नेमकी बसल्यावर डोळ्यांसमोर येते.
वॉटरप्रूफचं द्रावण वहिनीनं मापटं बाजूला ठेवून ओतलं,
आमटीत मीठ टाकतात तसं.
त्या कोपऱ्यात अजून ओल धरते.
मी कुणाला सांगितलेलं नाही.

आठ दिवस गोणपाट ओलं ठेवलं.
रविवारी आई बादली, तांब्या, शिकेकाई घेऊन
एका हातानं दांडा धरत दोन पायऱ्या चढली.
कडी लावू नको म्हणालो होतो.
कडी वाजली.

आम्ही चौघं बोळात,
झाकण काढलेल्या चेंबरभोवती उकिडवे.
मुल्ला मास्तर दूध घेऊन चालले होते, थबकले,
“काय पडलं का आत?”
“पडायचंय अजून,” दाजी म्हणाले.

आत तांब्या वाजत होता.
पाइप एकदा खोकला. मग काहीच नाही.
वहिनीनं माझं मनगट धरलं होतं,
हे मला नंतर लक्षात आलं.
मग ते आलं, सावकाश,
तपकिरी, फेसाळ,
त्यात एक लांब पांढरा केस.

पायांजवळच्या खिडकीतून आईचा आवाज,
“पोचलं का रं?”